खासरापत्रकातले आजोबा

7 सप्टेंबर 2023 रोजी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या तहसिलींचे अभिलेख कक्ष पुन्हा उघडले गेले. समितीला शोध होता निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा. त्या निमित्ताने जुन्या कागदांची जी यादी तयार झाली, ती मात्र कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या घराला उपयोगी पडणारी आहे. खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही, 1951 चे राष्ट्रीय रजिस्टर, भूमी अभिलेखातले पक्काबुक आणि शेतवारपत्रक, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, गाव नमुना 14 मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, दुय्यम निबंधकाकडची खरेदीखते, पोलिसांची गाववार रजिस्टरे, वक्फचे कागद. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला आपल्या घराण्याचा माग काढायचा असेल, तर त्याने शिवरायांच्या सैन्यातल्या पूर्वजापासून सुरुवात करू नये. घरातल्या सातबाऱ्यापासून करावी आणि एकेक पायरी मागे जावे.

सातबाऱ्यावर आज गट नंबर असतो, जुन्या कागदावर सर्व्हे नंबर. दोन्हींचा मेळ घालणारा एकत्रीकरण योजनेचा 9(3), 9(4) चा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तो हाती आला की त्या सर्व्हे नंबरवरून 1954 च्या खासरापत्रकापर्यंत, म्हणजे सर्व्हे नंबरवार जमीनधारकांच्या नोंदीपर्यंत जाता येते. तिथे आजच्यासारखे आडनाव असेलच असे नाही. समजा ‘मारोती वल्द बापू’ अशी नोंद आहे. पट्टेदार मारोती, त्याचा बाप बापू, अशी दोन पिढ्यांची नावे या एका ओळीत मिळाली. बापूचे मूळ नाव काय होते, की ते घरचे हाकेचे नाव होते, हे या कागदावरून कळणार नाही. ‘गंगाबाई भ्र. मारोती’ अशी नोंद असेल, तर भ्रतार मारोती. ती सहसा नवऱ्याच्या पश्चात नावावर आलेल्या जमिनीची असते, म्हणजे मारोती तेव्हा हयात नसावा, असा तर्क करता येतो. पण तर्क हा तर्कच. त्याला वारस फेरफाराचा आधार मिळाला तरच तो वंशावळीत शाईने लिहावा, तोवर पेन्सिलीने.

गंगाबाईच्या बापाचे नाव मात्र या कागदांत कुठेही येत नाही. जमिनीच्या दप्तराने बाई ओळखली ती सासरच्या नावाने. माहेर शोधायचे तर घरातल्या म्हाताऱ्या बाईलाच विचारावे लागते, आणि ते पहिल्या दिवशी विचारावे. दप्तर आणखी वीस वर्षे थांबेल, आजी थांबणार नाही.

1948 च्या मागे गेले की भाषा, लिपी आणि कालगणना तिन्ही बदलतात. वरचा कारभार उर्दूत, गावातल्या कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत, आणि साल फसली. हैदराबाद संस्थानाचे फसली वर्ष 6 ऑक्टोबरला, आजूर महिन्यापासून सुरू होई. म्हणून इसवी सन काढताना ऑक्टोबर ते डिसेंबरची तारीख असेल तर फसली सालात 590 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढची असेल तर 591. हैदराबादवर पोलीस कारवाई झाली तो सप्टेंबर 1948 म्हणजे 1357 फसलीचा शेवट. संस्थानाचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08 चा. ही साधी बेरीज चुकली की बाप मुलापेक्षा लहान ठरतो. ज्यांच्याकडे इनाम होते त्यांचा माग सोपा आहे, कारण वारसाहक्काच्या चौकशीत सरकार वंशावळ मागत असे आणि अतियातच्या, म्हणजे इनामांच्या कागदांत, मुंतखब या इनाम चौकशीच्या निकालपत्रात ती उतरत असे. देशमुखांची, काझींची, देवस्थानच्या पुजाऱ्यांची घराणी म्हणूनच कागदावर दाट दिसतात. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांची पाने विरळ. महारांच्या वतनी हाडोळा जमिनींच्या नोंदींत काही नावे सापडतात. बाकीच्यांसाठी कोतवालाचे जन्म-मृत्यूचे बुक आणि शाळेचे रजिस्टर एवढाच आधार उरतो. शाळेतली जन्मतारीख 1 जून असेल, तर ती बहुधा गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली; वर्ष जवळपासचे धरावे, दिवस धरू नये. जिंतूरकडच्या तांड्यांवर लमाण घराण्यांची वंशावळ त्यांचे भाट, म्हणजे ढाडी, तोंडपाठ सांगत आले आहेत. तीही साधन आहे, फक्त सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख टिपून ठेवली पाहिजे.

जिल्ह्याची हद्दही एका जागी राहिलेली नाही. 1981 साली जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तिकडे गेले; 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा झाला आणि वसमत, कळमनुरी त्यात गेले. आजोबांच्या कागदावर ‘जिल्हा परभणी’ असले, तरी आजचे कार्यालय दुसऱ्याच गावी असू शकते.

तोंडी वंशावळ आणि कागद यांच्यातले अंतर पाहायचे तर परभणी जिल्ह्यातल्या पाथरीसारखे उदाहरण नाही. शिर्डीच्या साईबाबांचे मूळ घराणे कोणते, हा प्रश्न. त्यांचे निधन 15 ऑक्टोबर 1918 चे. दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त आईबाप आणि जन्मस्थान अज्ञात म्हणूनच येतात. आपण पाथरीचे ब्राह्मण, लहानपणी फकिराच्या हवाली झालो, असे बाबांनी त्यांचे भक्त म्हाळसापती यांना सांगितल्याचे चरित्रकार नरसिंहस्वामींच्या लेखनात येते. पण नरसिंहस्वामींनी भक्तांचे जबाब गोळा केले ते 1930 च्या दशकात, म्हाळसापती 1922 मध्येच गेले होते. पुढे 1975 मध्ये साईबाबांचे अभ्यासक वि. बा. खेर पाथरीला गेले. भुसारी घराण्यातल्या एका प्राध्यापकांनी त्यांना आठवणीतून वंशावळ सांगितली. तीत परशुराम यांचे पाच मुलगे आणि त्यांतला हरिभाऊ घर सोडून गेलेला. खेरांनी तोच धागा साईबाबांशी जोडला. पाथरीत आज साईबाबांचे मंदिर आहे, आणि जानेवारी 2020 मध्ये त्यांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाच्या घोषणेवरून शिर्डीत बंदही झाला.

इतिहास म्हणून पाहिले तर यातले काय टिकते? भुसारी हे पाथरीचे जुने घराणे, हे टिकते. एक हरिभाऊ घर सोडून गेला, ही त्या कुटुंबाची स्मृती आहे, हे टिकते. तो हरिभाऊ म्हणजेच शिर्डीचे बाबा, या जोडणीला मात्र त्या काळातला एकही कागद नाही. आहे ती ऐकीव साक्ष, तीही दुसऱ्याने पुढे नोंदवलेली. श्रद्धेला कागद लागत नाही आणि मागूही नये. पण आपल्या घरची वंशावळ लिहिताना अशीच जोडणी आपण रोज करतो: नाव जुळले, गाव जुळले की माणूस तोच. परभणीत एका गावात एका पिढीला चार मारोती असतात. नाव, बापाचे नाव आणि सर्व्हे नंबर, तिन्ही जुळले तरच माणूस एक धरावा.

कधी साखळी तुटतेच. 1891 ते 1901 या दहा वर्षांत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे आठ लाखांवरून साडेसहा लाखांवर आली; 1899-1900 चा दुष्काळ त्यात आहे. खानेसुमारी आकडे देते, नावे देत नाही, म्हणून त्या वर्षांत कोण मेले आणि कोण गाव सोडून गेले हे तिथून कळत नाही. अशा ठिकाणी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी उपयोगी पडते. गाव, आडनाव आणि जात सांगितली की ते वही काढतात. यात्रेला आलेल्याने स्वतः सांगितलेली भाऊ, चुलत्यांची नावे तिथे असतात आणि बऱ्याचदा बायकांचीही. सरकारी दप्तरात नसलेली नावे मिळण्याची आशा तिथेच जास्त.

येलदरी धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी भूसंपादनाचा निवाडा मागवावा. मोबदला घेणाऱ्यांची यादी त्यात असते. मोडी आणि उर्दू कागद वाचून घ्यायचा असेल, तर आधी त्याची पूर्ण पानाची छायाप्रत घ्यावी, नुसता आपल्या नावाचा तुकडा नव्हे; वरचे साल आणि बाजूचे शेजारी त्यातच असतात. वंशावळीच्या प्रत्येक नावापुढे कागद, साल आणि कार्यालय लिहावे, आणि जिथे आधार नाही तिथे जागा कोरी ठेवावी. तहसिलीत नकलेचा अर्ज करताना गाव, सर्व्हे नंबर आणि साल एवढे लिहिले तरी कारकुनाला गठ्ठा काढता येतो.