मागेल त्याला वीज: एका कायदेशीर बंधनाची वाटचाल

मागेल त्याला वीज देण्याचे बंधन हिंदुस्थानात 1910 च्या भारतीय विद्युत कायद्याने पुरवठादारांवर घातले. कल्पना इंग्लंडमधून आली. तिथे 1871 च्या कायद्यानुसार मुख्य नळापासून 25 यार्डांच्या आतल्या घराला गॅस देणे कंपनीला भाग होते. मुंबईच्या रस्त्यांवर 1865 पासून गॅसचे दिवे जळत होते. वऱ्हाडातल्या शहरांनी मात्र तो टप्पा पाहिलाच नाही. 1910 मध्ये वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख होता आणि 1902 च्या कराराने इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने होता. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे वेगळ्या अधिसूचनेने लागू करावे लागत.

1910 च्या कायद्यातले बंधन खरे, पण अटींनी जखडलेले होते. वीजवाहिनी असलेल्या रस्त्यावरच्या जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने मागणी केली की परवानाधारक कंपनीने महिन्याभरात जोडणी द्यायची. तार वाहिनीपासून 100 फुटांपलीकडे न्यावी लागली, तर वरचा खर्च कंपनी ग्राहकाकडून घेऊ शके. रस्त्यावर वाहिनीच नसेल, तर किमान सहा जणांनी मिळून मागणी करायची आणि ठरावीक वापराची हमी द्यायची. म्हणजे शेजारी तयार नसतील, तर एकट्याचा हक्क कागदावरच राही.

1948 च्या कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली. 1956 मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. पुढे प्रश्न गावांचा होता. 1984 च्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजताना ग्रामीण विद्युतीकरणही मोजले. पैसे भरूनही कृषिपंपाची जोडणी न मिळालेल्या शेतकऱ्यांसाठी ‘पेड पेंडिंग’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. कायद्यातले बंधन आणि शेतातला खांब यांतले अंतर त्या दोन शब्दांत मावते.

2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 43 ने हे बंधन धारदार केले. अर्ज आल्यापासून महिन्याभरात वीज द्यायची. न दिल्यास दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंड. वाहिनी वाढवावी लागणार असेल तर मुदत वेगळी, आणि पूर किंवा वादळ आडवे आल्यास सूट. 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आले. 8 सप्टेंबर 2006 रोजी राज्य वीज नियामक आयोगाने वाहिनी उभारणीचा खर्च सर्वसाधारण ग्राहकाकडून वसूल करण्यास नकार दिला. शंभर फुटांच्या जुन्या हिशेबाला खरी मूठमाती तेव्हा मिळाली.

अमरावतीतल्या राजापेठेसारख्या बाजारपेठेत गाळे भाड्याने दिले जातात, तिथे कलमातला ‘भोगवटादार’ हा शब्द मोलाचा ठरतो. घरमालकाने ना हरकत दाखला दिला नाही म्हणून भाडेकरूची वीज अडवता येत नाही, अर्जदार जागेत राहतो का एवढेच पुरवठादाराने पाहायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. मात्र 2023 च्या निकालात त्याच न्यायालयाने हे बंधन निरपेक्ष नसल्याचे सांगितले. नियमांत तरतूद असेल तर जागेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते. गाळा घेणाऱ्याने आधी जुने वीजबिल पाहणे म्हणूनच शहाणपणाचे.

केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांनी 2024 च्या दुरुस्तीनंतर महानगरात 3, इतर नगरपालिका क्षेत्रात 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवसांची कमाल मुदत घातली आहे. महापालिका क्षेत्रातल्या राजापेठेला त्यांतली 7 दिवसांची मुदत लागू पडते. ती टळल्यास आधी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते.