पेशंटने कसे वागावे

मे १८४७ मध्ये अमेरिकेतल्या निरनिराळ्या राज्यांतले डॉक्टर फिलाडेल्फियात जमले. अमेरिकन मेडिकल असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच बैठकीत व्यवसायाची आचारसंहिताही मंजूर झाली. डॉक्टरांनी कसे वागावे हे तिच्यात होतेच. पण पहिल्याच प्रकरणात एक अख्खे कलम पेशंटच्या कर्तव्यांवर होते.

आजार कशामुळे झाला असावा ते आडपडदा न ठेवता सांगावे, पण त्याच्याशी संबंध नसलेली रामकहाणी लावून डॉक्टरांना कंटाळा आणू नये. बोलावणे शक्यतो सकाळी, ते फेरीला निघण्यापूर्वी पाठवावे. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी उगाच उठवू नये. ते आले की आपण तयार असावे, थोड्याशा खोळंब्यानेही त्यांची सगळी फेरी लांबते. सांगितलेले ताबडतोब आणि निमूट पाळावे. उपचार चालू असताना दुसऱ्या डॉक्टरला, अगदी मित्र म्हणून आला तरी, भेटू नये. आणि बरे झाल्यावर फी चुकती केली म्हणजे उपकार फिटले असे मुळीच समजू नये!

ही संहिता बरीचशी थॉमस पर्सिव्हल या इंग्लिश डॉक्टरच्या १८०३ सालच्या पुस्तकावरून बेतलेली होती. पेशंटचे कलम मात्र त्यात नव्हते. ते आले बेंजामिन रश यांच्याकडून. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे हे फिलाडेल्फियाचे डॉक्टर. त्यांची विद्यार्थ्यांपुढची सोळा व्याख्याने १८११ मध्ये छापली गेली, त्यांतले एक खास पेशंटच्या कर्तव्यांवर आहे. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत याच रश यांनी पेशंटचे भरमसाट रक्त काढले होते. त्यावरून झोड उठवणाऱ्या विल्यम कॉबेट या पत्रकारावर त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १७९९ मध्ये पाच हजार डॉलरचा निकाल पदरात पाडून घेतला. निमूटपणाची अपेक्षा कोण करत होते, हे विसरून चालत नाही.

कलमाचा सूर हुकमी असला तरी आतून ती आर्जवेच होती. त्या काळी डॉक्टर पेशंटच्या घरी जात, म्हणजे ताटकळण्याची पाळी त्यांचीच. त्यातच बऱ्याच राज्यांनी डॉक्टरांच्या परवान्याचे कायदे एकामागून एक रद्द केले होते. होमिओपॅथ आणि जडीबुटीवाले बाजारात बरोबरीने उभे होते. पटले नाही तर पेशंट सरळ दुसऱ्याला बोलावी.

आपल्याकडे हा विषय फार जुना. चरकसंहितेत वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत. रोग्याकडून अपेक्षा चारच: आठवण चांगली असावी, सांगितलेले करावे, घाबरू नये, आपल्याला काय होते ते नीट सांगता यावे. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात यादी किंचित बदलली. आठवणीच्या जागी त्याने श्रीमंती घातली. व्यवहार त्यालाही कळत होता!

अमेरिकेतले ते कलम १९०३ च्या सुधारणेत गळाले. १९९० च्या दशकात असोसिएशनने पेशंटच्या जबाबदाऱ्या पुन्हा लिहिल्या. खरे आणि पूर्ण सांगणे त्यांत कायम आहे, बिल भागवणेही आहे. नव्याने भर पडलेल्या जबाबदाऱ्यांतली एक अशी: कळले नाही तर विचारावे.