भाकरी का करपली?

भाकरी का करपली? घोडा का अडला? पाने का सडली? मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या घातल्या जाणाऱ्या या कोड्यात प्रश्न तीन आहेत, उत्तर मात्र एकच: ‘न फिरविल्यामुळे.’

या कोड्याची किल्ली चुलीजवळच्या शब्दात आहे. तांदूळ, नाचणी किंवा ज्वारी यांच्या पिठाला गव्हाच्या कणकेचा चिकटपणा नसतो. म्हणून भाकरी हातावर अथवा परातीत थापावी लागते. तव्यावर टाकल्यावर तिच्या वरच्या अंगास पाण्याचा हात फिरवितात, पाणी सुकू लागताच ती उलटतात आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवितात. तिला वेळेवर फिरविले नाही, तर ती करपते. घोडा फिरविणे म्हणजे त्याला रपेट देणे. ठाणावर बांधून ठेवलेले जनावर अडेल होते. विड्याची पाने करंडीत उबतात; ती वरखाली करून कुजके पान वेळीच वेगळे काढावे लागते. क्रिया तीन, शब्द एक; हेच या कोड्यातील मर्म होय.

‘फिरणे’ हे क्रियापद प्राकृतातील ‘फिरइ’ या रूपापासून आलेले आहे. हिंदीतील ‘फिरना’ हे त्याचेच भावंड. त्यामुळे हेच कोडे हिंदीतही आढळते. तेथे उत्तर ‘फेरा न था’ असे आहे. एका उत्तरात अनेक प्रश्न गुंफणाऱ्या अशा रचनांना हिंदीत ‘दो सुखने’ म्हणतात. त्या अमीर खुसरो (१२५३–१३२५) याच्या नावावर सांगितल्या जातात. मराठीत मात्र हे कोडे बहुधा अकबर-बिरबलाच्या गोष्टींत येते. सांगणाऱ्यांची नावे बदलली, क्रियापद तेच राहिले.

अशा शब्दखेळांची परंपरा याहूनही जुनी आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत प्रहेलिकेची गणना केली, तर दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात तिचे सोळा प्रकार वर्णिले. प्रहेलिकेचा उपयोग गोष्ठीतील करमणुकीस होतो, तसाच गर्दीत गुप्तपणे बोलण्यासही होतो, असे त्याचे मत होते.

मॉरिशसमध्ये १८३४ पासून करारबद्ध मजुरांची मोठी आवक सुरू झाली. मुंबई बंदरातून आलेल्या मराठी कुळांना येथे भोजपुरी आणि क्रिओल बोलणारा शेजार लाभला. क्रिओललाही स्वतःची कोडी होती. ‘सिरांदान?’ असे विचारताच ऐकणाऱ्याने ‘सांपेक!’ म्हणावयाचे, मग कोडे घातले जावयाचे. शार्ल बेसाक यांनी १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या मॉरिशसच्या लोककथांच्या संग्रहात ही कोडी नोंदविली आहेत.

ज्या भाषेत भाकरी, घोडा आणि पान या तिन्हींसाठी एकच क्रियापद नाही, त्या भाषेत हे कोडे नेता येत नाही. उत्तर समजावून सांगता येईल, पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटणार नाही. महाराष्ट्रात ‘भाकरी फिरविणे’ हा वाक्प्रचार आजही सत्तापालटासाठी राजकारणात वापरला जातो. त्याची खोच कळण्यासही तव्याची ओळख लागते. शब्दकोशातील अर्थ पाठ करून ती येत नाही. ज्या घरात तव्याजवळ उभ्या असलेल्या मुलास ‘भाकरी फिरव’ असे मराठीत सांगितले जाते, तेथे पुढील पिढीला हे कोडे आपोआप सुटेल.