परिचारिकेची नोंद आणि परदेशाची वाट : माकणीच्या संदर्भात एक इतिहास

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे ओळखले जाते. गाव जागेवरच राहिले, पण त्याच्यावरील राज्यसत्ता मात्र गेल्या शतकात अनेकदा बदलली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते निजामाच्या अमलाखाली होते, त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. परिचारिकेच्या परवान्याचा इतिहास अशा गावाच्या संदर्भात तपासण्याचे कारण असे की, हा परवाना म्हणजे मुळात राज्याने ठेवलेल्या नोंदवहीतील नाव असते आणि त्या नोंदीचा अंमल राज्याच्या हद्दीपाशी संपतो. रुग्णाच्या शिरेत सलाईन लावण्याचे कौशल्य कोणत्याही देशात तेच असले, तरी ते कौशल्य वापरण्याचा कायदेशीर अधिकार हद्द ओलांडताच नव्याने मिळवावा लागतो, आणि परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकेच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

ही नोंदवही फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रशिक्षित परिचारिका आणि केवळ अनुभवावर रुग्णसेवा करणारी स्त्री यांत कायदा फरक करत नव्हता. इंग्लंडमध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांनी नोंदणीच्या कायद्यासाठी तीन दशके चळवळ केली, तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तिला विरोध केला, कारण परिचारिकेचा खरा कस तिच्या चारित्र्यात व निष्ठेत असतो आणि तो परीक्षेने मोजता येत नाही, असे त्यांचे मत होते. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कायदा केला आणि इंग्लंडमध्ये तसा कायदा १९१९ मध्ये झाला. या कायद्यांचे हेतू दोन होते : अपुरे शिक्षण असलेल्या व्यक्तीच्या हाती रुग्ण सापडू नये, आणि शिकलेल्या परिचारिकेच्या श्रमाला व्यवसायाची प्रतिष्ठा मिळावी. पुढे परदेशी परिचारिकेसमोर उभ्या राहिलेल्या अडथळ्यांचा विचार करताना हे मूळ हेतू नजरेआड होऊ देता कामा नयेत.

मराठी मुलखात हा व्यवसाय रुजला तो मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतून. १८८६ मध्ये मुंबईत स्त्रिया व बालकांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले आणि त्याच सुमारास शहरात परिचारिकांच्या प्रशिक्षणाला आकार येऊ लागला. १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी दाखल झालेल्या काशीबाई गणपत यांचा उल्लेख या शिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये होतो. विटाळाच्या कल्पना, विधवांवरील बंधने आणि परपुरुषाची शुश्रूषा करण्याविषयीचा संकोच यांमुळे वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींतील स्त्रिया या कामाकडे वळत नव्हत्या. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुणे सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी पाठबळ दिले, तेव्हा या संकोचाला पहिला मोठा तडा गेला. मुंबई प्रांतात परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला; आरोग्य-अभ्यागत म्हणजे घरोघर फिरून माता व बालकांच्या आरोग्याची माहिती देणारी प्रशिक्षित स्त्री.

मुंबई प्रांताच्या या कायद्याची हद्द मात्र सोलापूरच्या सीमेवर संपत होती आणि माकणी तिच्यापलीकडे, संस्थानी मुलखात होती. प्रांतागणिक अभ्यासक्रम वेगळा, परीक्षा वेगळी आणि नोंदवहीही वेगळी, अशी देशभर स्थिती होती. १९४६ मध्ये सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने देशात केवळ सुमारे ७,००० परिचारिका असल्याचे, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे दाखवून दिले. त्यापुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषद कायदा झाला. त्याचे उद्दिष्ट देशभर प्रशिक्षणाचा एकच दर्जा राखणे हे होते, आणि परकीय देशांतील समकक्ष संस्थांशी पात्रतेच्या परस्पर-मान्यतेची बोलणी करण्याचा अधिकारही त्या कायद्याने परिषदेला दिला होता. परस्पर-मान्यता म्हणजे एका देशाच्या नोंदणीला दुसऱ्या देशाने पुन्हा परीक्षा न घेता मान देणे. म्हणजे परिचारिका सीमा ओलांडणार हे कायदेकर्त्यांनी आरंभीच ओळखले होते. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याने राज्याच्या निरनिराळ्या भागांत चालत आलेले कायदे एकत्र केले आणि मुंबई, विदर्भ व मराठवाडा या तिन्ही प्रदेशांतील परिचारिकांची नोंद एका राज्य परिषदेच्या अखत्यारीत आली.

राज्यांतर्गत सीमा अशा पुसल्या गेल्या, तरी देशांमधल्या सीमा अधिक कडक होत गेल्या आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण फिलिपिन्सचे आहे. १८९८ नंतर त्या देशावर अमेरिकेची सत्ता आली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे अमेरिकी पद्धतीच्या, इंग्रजी माध्यमाच्या परिचर्या शाळा सुरू झाल्या. १९४८ मध्ये अमेरिकेने सुरू केलेल्या विनिमय-अभ्यागत योजनेतून आणि १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर तेथील हजारो परिचारिका अमेरिकेत गेल्या. अभ्यासक्रम अमेरिकी घडणीचा असूनही त्यांच्यातील अनेकींना घटकराज्यांच्या परवाना परीक्षा उत्तीर्ण होता आल्या नाहीत आणि प्रशिक्षित परिचारिका असून त्यांना मदतनीसाच्या जागेवर, कमी वेतनात राबावे लागले. या परिस्थितीतूनच १९७७ मध्ये परदेशी परिचर्या पदवीधरांची आगाऊ पारख करणारा सीजीएफएनएस हा आयोग अमेरिकेत स्थापन झाला. जून २००६ च्या फिलिपिन्समधील राष्ट्रीय परीक्षेतील प्रश्न फुटले, तेव्हा या आयोगाने त्या परीक्षेच्या आधारावर अमेरिकी व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र देण्यास नकार दिला आणि काही थोड्यांच्या गैरप्रकाराची किंमत प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्या हजारो परिचारिकांना मोजावी लागली. मायदेशातील संस्थेची विश्वासार्हता ढासळली की तिच्या नोंदवहीतील प्रत्येक नावाचे मोल उतरते, हा या घटनेचा धडा भारतालाही तितकाच लागू आहे.

माकणीसारख्या गावातील मुलीसाठी परदेशाच्या वाटेवरचा पहिला अडथळा अभ्यासक्रम निवडतानाच उभा राहतो. सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला एएनएम अभ्यासक्रम, हा मुख्यतः गावपातळीवरील माता-बाल आरोग्य आणि लसीकरण यांसाठी आखलेला आहे. सगळे गाव ज्यांना 'सिस्टर' म्हणते त्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका यातूनच घडतात. तो कमी खर्चात व कमी मुदतीत होतो म्हणून ग्रामीण कुटुंबे तो पसंत करतात, परंतु ब्रिटन किंवा अमेरिका यांच्या दृष्टीने ही पात्रता नोंदणीकृत परिचारिकेची नव्हे. जीएनएम ही पदविका किंवा बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी असल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही, आणि ती असली तरी अमेरिकेतील घटकराज्यांची मंडळे बालरोग, मनोविकार, प्रसूती अशा प्रत्येक विषयात वर्गातील तास व वॉर्डातील प्रत्यक्ष कामाचे तास किती झाले, याचा तपशील मागतात. ज्या संस्थेने हे तास नीट नोंदवून ठेवलेले नाहीत, तिच्या विद्यार्थिनीचे अनेक वर्षांनंतरही नुकसान होते.

दुसरा अडथळा कागदांचा आहे. आखाती देशांतील परवाना यंत्रणा 'मूळ स्रोताकडून पडताळणी' करतात, म्हणजे उमेदवाराने दिलेले प्रमाणपत्र पाहून न थांबता ते देणाऱ्या शाळेकडे, परिषदेकडे व रुग्णालयाकडे थेट विचारणा करतात. मराठी समाजात स्त्रीच्या नावात वडिलांचे नाव असते, लग्नानंतर त्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते आणि कित्येक घरांत पाळण्यातले नावही बदलले जाते. त्यामुळे दहावीची गुणपत्रिका, पदविका, नोंदणी प्रमाणपत्र आणि पारपत्र यांवर एकाच स्त्रीची वेगवेगळी नावे आढळतात. ही एकच व्यक्ती आहे हे राजपत्रातील नामबदलाची जाहिरात, विवाह नोंदणीचा दाखला व प्रतिज्ञापत्रे जोडून तिला सिद्ध करावे लागते. त्यात २०२३ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव उस्मानाबादऐवजी धाराशिव झाल्याने, या बदलाआधीच्या व नंतरच्या कागदांवरील स्थळनामेही जुळत नाहीत. गावकऱ्यांना सहज समजणारी ही बाब दूरच्या देशातील तपासनिसाला संशयास्पद वाटू शकते.

तिसरा अडथळा भाषेचा असून तोच सर्वांत खोल आहे. शालेय शिक्षण मराठीतून झालेल्या मुलीला परिचर्येचे शिक्षण घेताना पाठ्यपुस्तकांचे इंग्रजी समजते, परंतु लिहिण्या-बोलण्याच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत अपेक्षित असलेली सफाई त्यातून येत नाही. ब्रिटनच्या परिचर्या व प्रसाविका परिषदेने आयईएलटीएस या परीक्षेच्या चारही भागांत ७ गुण आवश्यक धरले होते. अनेक अनुभवी परिचारिका केवळ लेखनाच्या भागात अडकू लागल्यावर २०१८ च्या अखेरीस त्या भागाची अट ६.५ वर आणण्यात आली, आणि त्याआधी २०१७ मध्ये वैद्यकीय व्यवहारावर आधारित ओईटी ही परीक्षाही पर्याय म्हणून स्वीकारली गेली. शिवाय २०१४ पासून तेथे संगणकावरील ज्ञानचाचणी आणि ऑस्की, म्हणजे मांडून ठेवलेल्या प्रसंगांत प्रत्यक्ष कौशल्य तपासणारी परीक्षा, असे दोन टप्पे आहेत. जर्मनीत परदेशी पदविकेची तेथील शिक्षणाशी तुलना करून उणिवा लेखी कळवल्या जातात आणि त्या भरून काढण्यासाठी अनुकूलन-प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा पूर्ण करावी लागते. जर्मन भाषा साधारणपणे बी-२ पातळीपर्यंत, म्हणजे रुग्णाशी स्वतंत्रपणे संवाद साधता येईल इतकी, यावी लागते.

या सर्व पायऱ्यांना पैसा व वेळ लागतो आणि त्यातून येणाऱ्या अगतिकतेवर दलालांचा व्यवसाय चालतो. भरतीतील फसवणुकीच्या तक्रारी वाढल्यावर केंद्र सरकारने २०१५ मध्ये आखातासह काही देशांतील परिचारिकांची भरती केरळच्या नॉर्का रूट्स व ओडेपेक यांसारख्या सरकारी संस्थांमार्फतच करण्याचे बंधन घातले. केरळकडे अशा संस्था होत्या, कारण तेथील परिचारिकांच्या स्थलांतराचा इतिहास कित्येक दशकांचा होता. महाराष्ट्राने या दिशेने पाऊल टाकले ते बरेच उशिरा, फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार करून, आणि त्यात परिचारिकांचाही समावेश आहे.

रुग्णाची भाषा न कळणारी किंवा अपुऱ्या सरावाची परिचारिका कोणत्याही वॉर्डात धोकादायक ठरते, आणि माकणीच्या रुग्णाला जी सुरक्षितता हवी तीच लंडनच्या रुग्णालाही हवी. म्हणून अटी सैल करा ही मागणी न्याय्य ठरत नाही. न्याय्य मागणी ही आहे की, पात्र स्त्री निव्वळ कागद, पैसा किंवा माहिती यांच्या अभावी अडू नये. त्यासाठी प्रशिक्षणाच्या तासांची निर्दोष नोंद ठेवणे, नामबदलाची दखल राज्याच्या नोंदवहीतच घेणे, भाषेचे शिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी खर्चाने देणे आणि एएनएम झालेल्या मुलींना पुढील पदविकेचा मार्ग सुलभ करणे, ही कामे परदेशी मंडळांच्या हातात नसून आपल्याच संस्थांच्या हातात आहेत. राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाच्या २०२३ च्या कायद्याने १९४७ च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद केली असून त्यात राष्ट्रीय नोंदवहीचीही योजना आहे. परस्पर-मान्यतेचा जो अधिकार १९४७ मध्ये कायद्यात लिहिला गेला, तो या नव्या व्यवस्थेत देशोदेशीच्या प्रत्यक्ष करारांत उतरला, तरच ग्रामीण मराठवाड्यातील परिचारिकेची नोंद तिच्या कौशल्याइतकीच दूरवर मानली जाईल.