प्रकाशाची वाट : पाण्याच्या धारेपासून पोकळ तंतूपर्यंत

बीड शहराच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात कपिलधार हे ठिकाण आहे. संत मन्मथस्वामींची समाधी इथे आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा हे इथले दुसरे आकर्षण. सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांना तिथे एक साधा प्रश्न विचारता येईल : पाणी पारदर्शक असते, मग धबधबा पांढरा का दिसतो?

कारण कड्यावरून पडताना पाणी फुटते. त्याचे असंख्य थेंब होतात, थेंबांमध्ये हवा शिरते. पाणी आणि हवा यांच्या अशा लक्षावधी सीमांवर प्रकाश आपटतो आणि चहूकडे विखुरतो. सगळेच रंग सारख्या प्रमाणात विखुरल्यामुळे धबधबा पांढरा दिसतो. आता कल्पना करा, की हीच धार न फुटता, काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत पडते आहे. मग मात्र वरून आत शिरलेला प्रकाश सहजासहजी बाहेर पडणार नाही. धार वळेल तसा तोही वळेल. प्रकाशाला वाट दाखवण्याच्या शास्त्राची सुरुवात अशाच एका धारेपासून झाली.

जिनिव्हातील धार

१८४१ साली जिनिव्हा येथे दानिएल कोलादाँ हे प्राध्यापक द्रवांच्या प्रवाहावर व्याख्याने देत असत. जिनिव्हा सरोवरात पाण्यातील ध्वनीचा वेग मोजणारे ते हेच कोलादाँ. भांड्याच्या छिद्रातून पडणारी पाण्याची धार मागे बसलेल्या श्रोत्यांनाही नीट दिसावी, म्हणून त्यांनी भिंगाच्या साहाय्याने सूर्यप्रकाश छिद्रातून धारेत सोडला. धार वळून खाली पडली आणि प्रकाशही तिच्यातून वळत खाली गेला! १८४२ साली त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच सुमारास पॅरिसमध्ये झाक बाबिने यांनी वाकवलेल्या काचेच्या कांडीतूनही असेच घडते हे दाखवले.

बऱ्याच पुस्तकांत मात्र या प्रयोगाचे श्रेय जॉन टिंडॉल यांना दिलेले आढळते. टिंडॉल यांनी तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये करून दाखवला तो १८५४ साली, म्हणजे बारा वर्षांनंतर आणि तोही मायकेल फॅरेडे यांनी सुचवल्यावरून. टिंडॉल हे उत्तम व्याख्याते होते, त्यामुळे त्यांचे नाव टिकले. वर्गात हा प्रयोग सांगताना कोलादाँ यांचे नाव अवश्य घ्यावे.

या प्रयोगामागील तत्त्व दहावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, हवेचा जवळजवळ १. पाण्यातून हवेकडे जाणारा किरण स्तंभिकेशी सुमारे ४९ अंशांपेक्षा मोठा कोन करत असेल, तर तो बाहेर पडतच नाही. त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. यातील एक अट लक्षात ठेवू या : प्रकाश घन माध्यमात असावा आणि बाहेरचे माध्यम विरल असावे. पुढच्या सगळ्या कथेत या अटीला महत्त्व आहे.

धारेऐवजी काच

पाण्याची धार फुटते, काचेचा तंतू टिकतो. पण उघड्या काचेच्या तंतूला धूळ, ओलावा, बोटांचा तेलकटपणा लागला किंवा दोन तंतू एकमेकांना चिकटले, की तिथून प्रकाश गळतो. १९५४ साली ‘नेचर’ या साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. एक होता लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांचा. त्यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेले होते. दुसरा होता हॉलंडच्या आब्राहम फान हील यांचा. तंतूभोवती कमी अपवर्तनांकाचे आवरण द्यावे, म्हणजे परावर्तन होणारी सीमा आतच सुरक्षित राहील, ही महत्त्वाची सूचना त्यात होती. १९५६ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील लॉरेन्स कर्टिस या पदवीच्या विद्यार्थ्याने काचेवर काचेचेच आवरण असलेला तंतू ओढला. पुढच्या वर्षी त्यापासून पोटात डोकावणारी लवचीक दुर्बीण तयार झाली.

पोटापुरता मीटरभर तंतू पुरतो, पण दोन गावे जोडायची तर? त्या काळच्या चांगल्या काचेतही प्रकाशाची घट दर किलोमीटरला सुमारे १००० डेसिबल होती. दहा डेसिबल म्हणजे एक दशांश, वीस म्हणजे एक शतांश. याचा अर्थ अवघ्या वीस मीटरमध्ये शंभरातला एकच भाग उरत असे. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले, की दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धींचा आहे. त्या काढल्या तर घट दर किलोमीटरला वीस डेसिबलच्या खाली येईल आणि मग दूरध्वनी तंतूवरून चालेल. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत हा टप्पा ओलांडला गेला. काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशीय तंतूंची जोडणी १९७९ साली झाली, ती पुण्यात. पुढे मराठवाड्यातही हा उद्योग आला. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांत असे तंतू तयार होतात. आजच्या चांगल्या तंतूत घट दर किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास असते. काओ यांना एका किलोमीटरनंतर जेवढा प्रकाश उरायला हवा होता, तेवढा आता शंभर किलोमीटरनंतर उरतो.

काचेची हद्द

एवढे झाल्यावर आणखी काय हवे? अडचण अशी, की कितीही शुद्ध केली तरी काच ही शेवटी काचच. तिच्या रेणूंच्या रचनेतील अटळ अनियमिततेमुळे थोडा प्रकाश विखुरतोच. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, म्हणजे निर्वातातील वेगाच्या दोन तृतीयांश होतो. शिवाय लेसरचा फार तीव्र झोत सोडला, तर काच स्वतःच बदलते : आधी झोताचे रूप बिघडवते आणि शेवटी जळते.

प्रकाशासाठी सर्वांत चांगली वाट म्हणजे रिकामी जागा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत लेसरचा प्रकाश चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्यांतूनच धावणार आहे. पण या नळ्या सरळ रेषेत असाव्या लागतात. प्रकाश रिकाम्या जागेतून न्यायचा आणि वळवायचाही, हे कसे जमावे? काचेची पोकळ नळी घेतली, तर वर सांगितलेली अटच उलटी होते. आतली हवा विरल, बाहेरची काच घन. पूर्ण आंतरिक परावर्तन अशक्य. भिंतीवरच्या प्रत्येक आघातात थोडा थोडा प्रकाश काचेत गळत जातो.

एखादा चौकस विद्यार्थी वर्गात विचारतो, “तंतू पोकळ केला तर चालेल का?” आपण त्याला ‘नाही’ म्हणून सांगतो, आणि १९९० पर्यंत ते उत्तर जवळजवळ बरोबर होते. ते बदलले एका वेगळ्या तत्त्वामुळे. ते समजायला बीड जिल्ह्यातच थोडे पश्चिमेकडे जाऊ.

मोरपिसाचे तत्त्व

पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. तिथे गळून पडलेले एखादे पीस मनातल्या मनात कुटून पाहा. निळी-हिरवी पूड मिळणार नाही, मिळेल ती तपकिरी पूड. निळा रंग पिसात भरलेला नसतो. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या आणि हवेच्या जागा जाळीसारख्या ओळीने रचलेल्या असतात. दोन ओळींतील अंतर दीडशे नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच कमी असते. प्रत्येक ओळीवरून थोडा थोडा प्रकाश परततो. ज्या तरंगलांबीच्या परतलेल्या लाटा एकमेकींना साथ देतात, तो रंग झळकतो. त्या रंगाला जणू आत प्रवेशबंदी असते. पातळ थरांमुळे हे रंग दिसत असावेत असा तर्क न्यूटनने केला होता. जाळीची नेमकी रचना शांघायच्या शास्त्रज्ञांनी २००३ साली उलगडली.

१९८७ साली एली याब्लोनोविच आणि केरळात जन्मलेले सजीव जॉन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा नियमित रचनांचा सिद्धान्त मांडला. यांना पुढे प्रकाशीय स्फटिक, म्हणजेच फोटॉनिक क्रिस्टल म्हणू लागले. मिठाच्या स्फटिकात अणूंची रांग असते. इथे रांग असते छिद्रांची किंवा कांड्यांची. रचना नेमकी असेल, तर ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाला तिच्यातून जाताच येत नाही.

छिद्रांची काच

१९९१ साली ब्रिटनमधील फिलिप रसेल यांना सुचले, की प्रकाशाला मज्जाव करणारी ही जाळी तंतूच्या भिंतीत घालावी. मग भिंत घन असो वा विरल, प्रकाशाला बाहेर पडायला वाटच उरणार नाही आणि तो पोकळीतून निमूट पुढे जाईल.

कल्पना सोपी, पण केसाएवढ्या जाडीच्या तंतूत, काही मायक्रॉन अंतरावर, शेकडो छिद्रे टोकापासून टोकापर्यंत एकसारखी पाडायची कशी? उपाय बांगडी कारागिरालाही पटेल असा होता. काचेच्या बारीक पोकळ नळ्या हाताने षट्कोनी जुडग्यात रचायच्या. मग ते जुडगे भट्टीत तापवून ओढायचे. काच ओढली जाते तशी ती बारीक होते, पण आतली नक्षी तशीच राहते. वितळलेल्या काचेचा पृष्ठताण छिद्रे बुजवू पाहतो, म्हणून तापमान आणि छिद्रांतील दाब फार जपावे लागतात.

१९९६ साली रसेल, जोनाथन नाइट, टिम बर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा पहिला तंतू प्रसिद्ध केला. त्याच्या मध्यभागी पोकळी नव्हती. एका नळीच्या जागी भरीव कांडी ठेवली होती. इथे प्रकाश जुन्याच तत्त्वाने कोंडला जात होता, कारण छिद्रे असलेल्या भागाचा सरासरी अपवर्तनांक भरीव काचेपेक्षा कमी होतो. तरी त्याचा एक गुण अनपेक्षित होता. नेहमीच्या तंतूत तरंगलांबी कमी केली, की प्रकाश अनेक वाटांनी जाऊ लागतो. इथे मात्र सर्व रंगांसाठी एकच वाट राहत होती.

खरे यश १९९९ साली आले. बाथ विद्यापीठात याच गटाने मध्यभागी पोकळी असलेला तंतू ओढला. एका टोकाला पांढरा प्रकाश सोडला, तर दुसऱ्या टोकाला पोकळीतून रंगीत प्रकाश बाहेर पडला. ज्या रंगांना भिंतीत मज्जाव होता, तेच आत टिकले होते. मोरपिसात जो प्रकाश परततो, त्याला इथे चारी बाजूंनी परतवून पुढे जायला लावले होते.

उपयोग

भरीव गाभ्याच्या तंतूचा मोठा उपयोग लवकरच सापडला. गाभा अगदी लहान ठेवला, की प्रकाश दाटतो आणि काच बदलण्याचा मघाचा दोषच गुण ठरतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९९९-२००० च्या सुमारास ७५ सेंटिमीटर लांबीच्या तंतूत लेसरचे अतिलघू स्पंद सोडले. अवरक्त प्रकाशाचे ते स्पंद बाहेर पडताना जांभळ्यापासून अवरक्तापर्यंतचा अखंड पट्टा घेऊन आले. असा लेसरसारखा शिस्तीचा पांढरा प्रकाश आज सूक्ष्मदर्शकांत वापरला जातो. या रुंद पट्ट्यामुळे प्रकाशाची वारंवारता मोजणारी ‘फणी’ही साध्य झाली. पूर्वी या मोजणीला खोलीभर लेसरची साखळी लागे. आता एका टेबलावर ते होऊ लागले. या कामासाठी थिओडोर हेन्श आणि जॉन हॉल यांना २००५ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आजची सर्वांत अचूक प्रकाशीय घड्याळे अशा फणीनेच वाचली जातात. पुण्याच्या आयुका संस्थेत इटर्बियमच्या आयनावर चालणारे असे घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत छिद्रांचे तंतूही बनवले गेले आहेत.

पोकळ तंतूतून तीव्र लेसर झोत काचेला इजा न करता नेता येतो. पोकळीत वायू भरला, तर अगदी थोड्या वायूवरही प्रकाशाची लांबवर क्रिया होते आणि त्याचे अल्प प्रमाण ओळखता येते. संदेशही लवकर पोचतात, कारण हवेत प्रकाशाचा वेग काचेतल्यापेक्षा सुमारे दीडपट असतो.

घट मात्र वर्षानुवर्षे जास्तच होती. २००५ साली ती दर किलोमीटरला १.२ डेसिबलपर्यंत आली आणि तिथेच अडली. मग साउदम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाट जाळीऐवजी पोकळीभोवती अत्यंत पातळ भिंतींच्या मोजक्याच नळ्या ठेवल्या. भिंतीच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतलेल्या लाटा एकमेकींना साथ देतील एवढीच तिची जाडी ठेवली. साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात ते याच न्यायाने. २०२५ साली अशा तंतूत घट दर किलोमीटरला ०.०९१ डेसिबल इतकी कमी आढळली. नेहमीच्या काचेच्या तंतूत साधारण पंधरा किलोमीटरनंतर निम्मा प्रकाश उरतो. इथे तो तेहतीस किलोमीटरनंतर निम्मा उरतो. पोकळीने काचेला मागे टाकले.

वर्गासाठी

प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळाजवळ चार-पाच मिलिमीटरचे गुळगुळीत छिद्र पाडा. बाटली पाण्याने भरा आणि समोरच्या बाजूने लेसर पॉइंटरचा झोत छिद्रावर धरा. खोलीत अंधार असावा आणि झोत कुणाच्याही डोळ्यात जाऊ नये. धार जोवर गुळगुळीत आहे तोवर प्रकाश आत राहील. धार फुटते तिथे तो बाहेर सांडेल, कपिलधारेला सांडतो तसा. दुसऱ्या तासाला मोरपीस उजेडात तिरके करून रंग कसे बदलतात ते पाहा.

‘प्रकाशीय तंतूत प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने जातो’ हे वाक्य फळ्यावर लिहिताना ‘काचेच्या भरीव गाभ्याच्या’ हे शब्द त्यात घालावेत. म्हणजे कुणी पोकळ तंतूबद्दल विचारले, तर त्याचे उत्तर मोरपिसापाशी मिळते, हे सांगायला जागा राहील.