थंड हवेचा सौदा

निवृत्त झालो त्या वर्षी मुलानं हौसेनं महाबळेश्वरच्या एका महागड्या रिसॉर्टमध्ये आम्हा दोघांसाठी दोन रात्रींची खोली घेतली. भाडं माझ्या निम्म्या महिन्याच्या पेन्शनइतकं. खोली ‘दरीच्या बाजूची’ होती. जूनचा पहिला आठवडा, त्यामुळे दरी धुक्यात आणि धुकं हटलं तेव्हा समोर जनरेटरची शेड. गाद्या दमट. नळाला सकाळी पाणीच नाही. मॅनेजर अतिशय नम्र. “काका, धुकं काही आमच्या हातात नाही,” म्हणाला. शेडबद्दल मात्र बोलला नाही.

सौभाग्यवती म्हणाल्या, “इथूनच निघालेल्या कृष्णेचं पाणी आपल्याला सांगलीत येतं, आणि इथं तोंड धुवायला नाही!” त्यांचं खरं होतं. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारं हे ठिकाण. तो वर कोसळू लागला की धडधड आम्हा सांगलीकरांच्या छातीत होते; 2005 आणि 2019 चे पूर पाहिलेल्यांना हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून छत्री घेऊन लॉडविक पॉइंटवर गेलो. तिथं ज्याचा स्मारकस्तंभ आहे तो पीटर लॉडविक 1824 मध्ये साताऱ्याच्या फौजेतून हा डोंगर चढून आला. त्यानं महाबळेश्वर ‘शोधलं’ असं सांगतात. पंचगंगेचं देऊळ, तिथले गुरव, यात्रेकरू हे सगळे त्याआधी कुठं हरवले होते, कोण जाणे.

साहेबाला या डोंगराची निकड का वाटली, हे समजून घेण्यासारखं आहे. कंपनीचा अंमलदार मुंबईत समुद्रकाठीच राहत असे, पण ती दमट हवा त्याला मानवत नसे. ताप, हगवण, यकृताचे विकार पाठीला लागत. मग रजा काढायची आणि जहाजानं थेट केप ऑफ गुड होपला हवापालटासाठी जायचं. त्यात महिनेच्या महिने मोडत. मुंबईपासून काही दिवसांच्या वाटेवर साडेचार हजार फुटांवरचं थंड पठार मिळालं, तर हा सगळा खर्च वाचत होता. गव्हर्नर सर जॉन माल्कमनं 1828 मध्ये इथं आजारी गोऱ्या सैनिकांसाठी प्रायोगिक आरोग्यधाम सुरू केलं.

डोंगर मात्र कंपनीचा नव्हता. तो साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या मुलखात होता. साताऱ्याहून वर येणारा गाडीरस्ता महाराजांनीच बांधून दिलेला. 1829 मध्ये तह झाला. महाराजांनी महाबळेश्वरची जागा दिली आणि बदल्यात कंपनीनं त्यांना खंडाळा गाव दिलं. हे लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे, पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकीच्या पायथ्याचं. नव्या पेठेला नाव पडलं माल्कमपेठ. पुढं मुंबई सरकार उन्हाळ्यात इथं मुक्कामाला येऊ लागलं, बंगले उठले. मलाक्केकडून आणलेल्या चिनी कैद्यांकडून बटाटे आणि भाजीपाला पिकवून घेतला जाई. पावसाळ्याआधी बंगले गवताच्या ताट्यांनी झाकून साहेबलोक खाली उतरत. जूनमध्ये इथं राहू नये, हे त्यांना कळत होतं.

आता लॉडविककडे परत येतो. हाच लॉडविक पुढं साताऱ्याचा रेसिडेंट झाला. तो त्या जागेवर असतानाच, 1836 मध्ये, महाराजांवर आरोप आला, की त्यांनी कंपनीच्या पलटणीतले देशी अंमलदार फितवले. चौकशी नेमली गेली, तिच्यातही तो होता. 1839 मध्ये गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला. कबुलीवर सही करा, गादी शाबूत राहील, असं त्यानं सुचवलं. महाराजांनी सही केली नाही. त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि 1847 मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. त्यांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिले.

त्या स्तंभापुढं उभं राहून मी हे सगळं सौभाग्यवतींना सांगत होतो. इतिहासाच्या मास्तरांना श्रोता लागतोच, आणि लग्नाची बायको सहसा उठून जात नाही. धुक्यात स्तंभही अर्धाच दिसत होता.

तिसऱ्या दिवशी बिल आलं. न झालेल्या ‘कॅम्पफायर’चे पैसे त्यात लावले होते. मुलानं वाद घालून ते कमी करून घेतले. बाकीचे मुकाट्यानं भरले. त्याच्याबरोबर पुण्याला जायला निघालो. वाईवरून खंबाटकी ओलांडली आणि खंडाळ्याला चहासाठी थांबलो. पाऊस नव्हता, ऊन होतं. टपरीवरचा चहा कडक आणि गरम होता, दोन दिवसांत पहिल्यांदाच.

“म्हणजे महाबळेश्वर देऊन राजाला हे मिळालं?” सौभाग्यवतींनी रस्त्याकडे पाहत विचारलं.

“हेच.”

“मग हे तरी राहिलं का त्यांच्याकडे?”

1848 मध्ये प्रतापसिंहांचे भाऊ शहाजी महाराज वारले. दत्तक नामंजूर करून डलहौसीनं सातारचं सगळं राज्य खालसा केलं. खंडाळाही त्यातच गेलं.

मी तसं सांगितलं. त्यांनी आणखी एक चहा मागवला.