खटक्याला बसवलेली दांडी : डोरोथी हॉजकिन आणि आमवात

१/ सन १९३४. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जे. डी. बर्नाल यांनी पेप्सिन या प्रथिनाच्या स्फटिकाचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. प्रथिनाच्या अंतरंगात इतकी नेटकी रचना असते, हे त्या छायाचित्राने दाखवून दिले. त्या शोधनिबंधावर बर्नाल यांच्यासोबत ज्या तरुण संशोधिकेचे नाव छापले गेले, ती मात्र त्या दिवशी तेथे नव्हती. ती लंडनमध्ये डॉक्टरांना आपले दुखरे हात दाखवीत होती.

२/ तिचे नाव डोरोथी क्रोफूट, विवाहानंतर हॉजकिन. जन्म १२ मे १९१०, कैरो. त्या वेळी वय अवघे २४. हातांच्या सांध्यांत सुरू झालेले ते दुखणे म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत त्याला सर्रास आमवात म्हटले जाते. पुढची साठ वर्षे हा आजार त्यांच्या सोबत राहणार होता.

३/ या आजाराचे स्पष्ट वर्णन १८०० साली पॅरिसमध्ये लांद्रे-बोव्हे या तरुण वैद्याने आपल्या प्रबंधात केले. आजचे नाव १८५९ साली इंग्लंडच्या आल्फ्रेड गॅरड यांनी दिले. उतारवयात गुडघे झिजतात, तो प्रकार निराळा. येथे शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सांधे सुजतात, ठणकतात आणि हळूहळू वाकडे होतात.

४/ रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय? सकाळी जाग येते, पण बोटे जागी होत नाहीत. मूठ वळत नाही. सदऱ्याची गुंडी, बरणीचे झाकण, नळाची तोटी, दाराची कडी अशी इतरांच्या ध्यानातही न येणारी कामे एकेक करून डोंगराएवढी होतात. त्यात हा आजार लहरी. काही दिवस बरे जातात आणि मग अचानक तो उसळतो.

५/ १९३० च्या दशकात औषधे तरी कोणती होती? ॲस्पिरिन, विश्रांती, उष्ण झऱ्यांची स्नाने, कोमट वितळलेल्या मेणात हात बुडवणे आणि सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने. सोन्याचा हा उपचार फ्रेंच डॉक्टर जाक फोरेस्टिए यांनी १९२९ साली पुढे आणला होता. वेदना थोडी कमी व्हायची. आजार जागचा हलत नसे.

६/ आणि डोरोथी यांचे सारे काम हातांवर अवलंबून! मिठाच्या कणाहूनही लहान स्फटिक अलगद उचलायचा, काचेच्या बारीक तंतूवर बसवायचा आणि क्ष-किरणांसमोर अचूक कोनात धरायचा. ऑक्सफर्डच्या संग्रहालयातील त्यांच्या खोलीत सूक्ष्मदर्शक उंच खिडकीजवळच्या सज्जात असे. स्फटिक सांभाळत शिडीने चढ-उतार करावी लागे.

७/ डिसेंबर १९३८ मध्ये पहिला मुलगा ल्यूक जन्मला. त्यानंतर काही काळातच आजाराने उग्र रूप धारण केले. वय २८, हातात तान्हे मूल आणि कपडे घालणेही दुष्कर. उपचारांसाठी त्यांना उष्ण झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बक्स्टन येथे जावे लागले. संशोधनाचा डाव येथेच मोडला असता, तर कोणालाही नवल वाटले नसते.

८/ त्या प्रयोगशाळेत परतल्या, तेव्हा क्ष-किरण यंत्राचा मुख्य खटका त्यांच्या हातांना हलेना. त्या खटक्याला एक लांब दांडी बसवून घेण्यात आली. तरफेचे साधे तत्त्व. बोटांत जो जोर उरला नव्हता, तो दांडीच्या लांबीने भरून काढला. काम पुन्हा सुरू झाले.

९/ विज्ञानाच्या इतिहासात ही दांडी क्वचितच दिसते. दिसते ती ‘आजारावर मात करणारी जिद्द’. जिद्द होतीच, परंतु केवळ जिद्दीने तो खटका हलला नसता. हात बरे होण्याची वाट पाहत न बसता यंत्र हातांच्या सोयीचे केले गेले, म्हणून त्या कामावर उभ्या राहू शकल्या.

१०/ घरातील व्यवस्थेचे श्रेयही येथे नोंदवले पाहिजे. पती टॉमस सुरुवातीची काही वर्षे नोकरीनिमित्त बाहेरगावी असत. पुढे मुले तीन झाली. घरकामाला मदतनीस होत्या. नंतरच्या काळात बहीण जोन आपल्या मुलांसह त्याच घरात राहू लागली. त्याच काळात हाच आजार जडलेल्या एखाद्या गिरणी कामगार स्त्रीच्या मागासाठी अशी दांडी कोणी बसवली असती? तिची कहाणी इतिहासात न येण्याचे कारण तिची जिद्द कमी होती, हे खचितच नव्हे.

११/ पुढचा क्रम थक्क करणारा आहे. १९४५ पर्यंत पेनिसिलिनची रचना उलगडली. १९५० च्या दशकात जीवनसत्त्व ब-१२ ची. १९६४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती वार्ता आली तेव्हा त्या घानामध्ये होत्या. बोटे एव्हाना पुरती वाकली होती, पण स्फटिक हाताळण्यातील त्यांचे कसब पाहणाऱ्यांना चकित करीत असे.

१२/ येथे नियतीचा एक खेळ दिसतो. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला प्रथमच कॉर्टिझोन दिले. जेमतेम हालचाल करू शकणारी ती तरुणी काही दिवसांत चालू लागली. हे औषध स्टेरॉइड कुळातले. आणि डोरोथी यांचा डॉक्टरेटचा प्रबंध त्याच कुळाशी संबंधित स्टेरॉल द्रव्यांवर होता. मात्र कॉर्टिझोनचे दीर्घकालीन दुष्परिणाम लवकरच उघड झाले आणि आजार समूळ बरा होण्याची आशा मावळली.

१३/ इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले छायाचित्र त्यांनी १९३४ च्या सुमारास, म्हणजे आजार जडला त्याच काळात घेतले होते. त्याची संपूर्ण रचना हाती आली १९६९ साली. तब्बल ३५ वर्षे! त्या चमूत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञ होते. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची परंपरा रुजवली.

१४/ १९७८ साली शिल्पकार हेन्री मूर यांनी डोरोथी यांचे चित्र काढले, ते चेहऱ्याचे नव्हे, हातांचे. १९८५ साली मॅगी हॅम्बलिंग यांनी त्यांना टेबलाशी कामात गढलेले रंगवले आणि एका देहाला चार हात दिले. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतील त्या चित्रात वाकलेली बोटे कोठेही लपवलेली नाहीत.

१५/ १९९३ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्या चाकांच्या खुर्चीतून बीजिंगच्या स्फटिकशास्त्र परिषदेला गेल्या. २९ जुलै १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या आजाराविषयी त्या फारसे बोलत नसत.

१६/ पेनिसिलिन, ब-१२, इन्सुलिन. जगभरच्या रुग्णांच्या औषधांची रचना ज्या हातांनी उलगडली, त्या हातांना स्वतःच्या दुखण्यावर पुरता इलाज कधी मिळाला नाही. मिळाली ती खटक्याला बसवलेली एक दांडी. तेवढ्या आधारावर त्यांनी अर्धे शतक काम केले.